माझा कडूपणा धुऊन टाक

मी ओनुग्बू, कडू पाल्याचं झुडूप. न्सुक्का शहराजवळच्या गावात, न्वाकाएगोच्या स्वयंपाकघरामागे उभा आहे. माझ्यापुढे कारलंसुद्धा गोड!

नवी नवरी म्हणून आली तेव्हा माहेरून आणलेली फांदी तिनं इथं खोचली, तो मी. फेस जाईपर्यंत माझा पाला चोळून धुवायचा आणि मगच रश्शात घालायचा, ही इथली रीत. ज्या घरचा रस्सा कडू लागतो, तिथल्या बाईला आळशी म्हणतात. न्वाकाएगोला असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मग तिचा नवरा ओक्वुदिली सुजू लागला. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. शहरातल्या दवाखान्यात यंत्रावर त्याचं रक्त शुद्ध करू लागले.

त्यांची मुलगी सोमादिना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आहे. तिनं माझा पाला नेला होता. एकदा तिनं फोनवर हरखून सांगितलं, की काचेच्या बशीतल्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषारी औषध घातलं, तरी माझ्या अर्कामुळे बऱ्याच तगल्या. मी फुशारलो. न्वाकाएगोचा मात्र चेहरा उतरला. नवऱ्याला वाचवणारं औषध आपणच जन्मभर मोरीत ओतलं, असं तिच्या मनानं घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ती न धुतलेला पाला वाटून त्याला पेला भरून रस पाजू लागली. त्याला दवाखान्यात नेणं बंद केलं. त्याची सूज वाढतच होती. मला ओरडावंसं वाटे, पण झाडाला तोंड कुठलं?

सोमादिना अचानक आली तेव्हा बापाला धाप लागली होती आणि आईच्या हातात पेला होता.

"आई, ठेव तो खाली."

"तूच म्हणालीस ना, पेशी वाचतात?"

"बशीतल्या गं. बशीला काय हृदय असतं? या रसातले क्षार बाबांच्या अंगातून बाहेर पडत नाहीत. त्यानं हृदय बंद पडेल."

शेजाऱ्याच्या गाडीत बापाला घालून ती निघाली. न्वाकाएगो कोयता घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. पण तिच्यानं घाव घालवेना. माझ्या बुंध्याशी बसून ती खूप रडली. नवऱ्याला तोंड कसं दाखवायचं, म्हणून दवाखान्यात जाईना.

तो वाचला. मग त्याचाच फोन आला.

"इथलं अन्न घशाखाली उतरत नाही. उकळून भरपूर पाण्यात धुतलेला पाला असेल, तर चमचा-दोन चमचे चालेल म्हणतात डॉक्टर. तुझ्यासारखं कोण धुणार? घेऊन ये."

तिनं डोळेही पुसले नाहीत, तशीच माझा पाला खुडायला तुटून पडली. आता मोरीपाशी बसून चोळते आहे. ज्या कडूपणाचा मला एवढा तोरा, तो फेस होऊन वाहून चालला आहे. जाऊ दे. न्वाकाएगो, आणखी एक पाणी घाल. मला काय, पुन्हा पानं फुटतील.