डोसंटची भावकी

“आमना नातूले यंदाना डोस तूच पाज वं माय,” चहाची बशी खाली ठेवत, मुलासोबत रंजनाला बघायला आलेल्या भागीरथीबाई म्हणाल्या.

रंजनाला आधी काहीच उमगलं नाही. मग तिने आईकडे पाहिलं. मंगलाबाई ताटलीतली बिस्किटं पुन्हा पुन्हा नीट लावत होत्या.

बी.एस्सी. झाल्यापासून रंजना शहरातल्या संग्रहालयात येणाऱ्यांना वस्तू दाखवायची, समजावून सांगायची. ‘गाईड’ म्हटलं की ती राहायची त्या गोडादऱ्यात लोकांना परीक्षेचं पुस्तक आठवायचं. मग नव्या संचालकांनी ‘डोसंट’ हा शब्द आणला. मंगलाबाईंना तो भारदस्त वाटला. त्यांनी तो गल्लीभर सांगितला. त्याच सुमारास पोलिओची मोहीम सुरू झाली. मुलाच्या घरी, नवागामला पोचेतो डोसंटचा डोस आणि रंजनाची डोस पाजणारी बाई झाली होती, आणि मंगलाबाईंनी ते तसंच राहू दिलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. मुलगा, धर्मेंद्र, पांडेसऱ्यात डाइंगला, कापड रंगवायच्या कामाला होता. तिची साडी राणी रंगाची नाही, मजेंटा आहे, हे त्याने आल्याआल्या सांगितलं होतं. तो तिला आवडला होता.

“मावशी, मी डोस पाजत नाही,” रंजना म्हणाली. “डोसंट हा लॅटिन शब्द. मूळ धातूचा अर्थ शिकवणं.”

“मग डॉक्टर?” धर्मेंद्रने विचारलं.

“तो त्याच धातूचा. डॉक्टर आणि डोसंट सख्खे भाऊ. डोस ग्रीक. त्याचा अर्थ देणं. तो यांच्या भावकीतला नाही.”

धर्मेंद्र हसला. भागीरथीबाई हसल्या नाहीत. सरकारी नोकरी का, शाळा का, असं त्यांनी विचारलं. दोन्हीला रंजनाने नाही म्हटलं.

“म्हंजे परका मानसेसले दखाडत फिरस.”

“हो. परक्या माणसांना वस्तू दाखवायच्या, तेच काम.”

मध्यस्थाकडून निरोप आला, मुलाचं लग्न यंदा करायचं नाही. एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं, असं मंगलाबाई दिवसभर भांड्यांशी बोलल्यासारख्या बोलत राहिल्या. लग्नानंतर तो शब्द नवागामच्या घरात बाहेर आला असता, एवढंच रंजना म्हणाली.

पुढच्या रविवारी तिकीट काढून आलेल्या लोकांच्या मागे धर्मेंद्र उभा होता. जुन्या रेशमी कापडाच्या पेटीपाशी त्याने विचारलं, हा लाल एवढा पक्का कसा. मंजिष्ठाच्या मुळांचा रंग, आणि तो धरून ठेवायला तुरटी, असं सांगून तुरटी काय करते तेही तिने सगळ्यांना समजावलं. लोक पुढे सरकल्यावर तो जवळ आला.

“आई नाहीच म्हणते. मी पण जास्त बोललो नाही.”

रंजनाने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“बरं,” ती म्हणाली. “अजून एक दालन राहिलंय. बघून जा.”

ती पुढे झाली. नाण्यांच्या दालनात गर्दी होती, पंखे घरघरत होते. तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत स्पष्ट पोचत होता.