रफारची दुरुस्ती

"गोळ्या बंद करायला तुला सांगितलं कुणी?" रफार ओरडला. "डॉक्टरांनी? शेजारणीनं? का स्वप्नात येऊन कुणी सांगून गेलं?"

त्याची थोरली बहीण स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. डावा पाय समोरच्या खुर्चीवर, अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं. चप्पल चावल्याची एवढीशी जखम, पण पंधरा दिवसांत ती काळी पडत चालली होती, आणि आज लॅबमधून आलेल्या कागदावर साखर चारशेच्या वर होती. बारा वर्षं गोळ्यांनी आवरून धरलेली साखर बाईसाहेबांनी दोन महिन्यांत मोकाट सोडली होती.

"ओरडू नकोस. डब्यावरच लिहिलंय तसं," ताई म्हणाली.

"काय लिहिलंय?"

"औषधं बंद करून ही पूड घ्या म्हणून. आणि सगळं नैसर्गिक आहे रे. पानं, मुळं, बिया. त्यानं अपाय कसला होणार?"

"अगं, विषारी मुळंही नैसर्गिकच असतात!"

रफार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. छापखान्यात तो तीस वर्षं मुद्रितं तपासत होता, आणि रफारासारखा सगळ्यांच्या डोक्यावर बसतो म्हणून तिथल्या लोकांनी त्याचं हे बारसं केलं होतं. त्याला त्याचा राग नव्हता. उलट मनातून बरंच वाटायचं. त्याच्या हाताखालून चुकीची वेलांटी सुटायची नाही. अलीकडे छापखाना जगत होता तो असल्या डब्यांच्या लेबलांवर. सांधे मोकळे करणारी पूड, झोप आणणारा अर्क, केसांपासून टाचेपर्यंत सगळ्यावर चालणाऱ्या कॅप्सूल. 'गुणकारी'तली 'री' दीर्घ आहे ना, एवढं तो बघायचा. पूड खरंच गुणकारी आहे का, हे बघणं त्याचं काम नव्हतं, आणि त्यानं ते कधी बघितलंही नव्हतं.

"आण इकडे तो डबा. कुठल्या गाढवानं लिहिलंय ते बघू दे."

ताईनं हात लांबवून फळीवरचा हिरवा डबा त्याच्या हातात दिला. "तळाशी तुझ्याच छापखान्याचं नाव आहे. म्हणून तर डोळे झाकून घेतला. म्हटलं, आपल्या भावाच्या नजरेखालून गेलंय, आता आपण काय बघायचं?"

मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं, 'मधुमेहाची औषधे बंद करून घ्यावे.'

रफारनं ते वाचलं. परत वाचलं.

ते मुद्रित त्याला लख्ख आठवत होतं. त्यावर होतं, 'औषधे बंद करता घ्यावे.' हे कुठलं मराठी? त्याचं टाळकंच सटकलं होतं. टाइप करणाऱ्या बाईंना ऐकू जाईल अशा बेतानं "काढा, काढा भाषेचे वाभाडे!" म्हणत त्यानं लाल पेनानं 'करता' खोडलं आणि समासात 'करून' लिहिलं. मूळ कागद हाताशी, खणातच होता. पण इतक्या वर्षांच्या कानाला मूळ कागद कशाला लागतो?

"काय रे? चूक आहे का त्यात?" ताईनं विचारलं.

"शुद्धलेखनाची नाही," तो कसाबसा म्हणाला. "गोळी घे आधी. आत्ता, माझ्यासमोर. आणि चप्पल घाल, दवाखान्यात जायचंय."

दुसऱ्या दिवशी त्यानं खण उपसला. मूळ कागदावर होतं, 'औषधे बंद न करता घ्यावे.' टाइप करताना 'न' गळला होता. वाक्य तसंच मोडकं राहिलं असतं, तर वाचणारा निदान अडखळला असता, कुणाला तरी विचारता झाला असता. रफारनं ते शुद्ध करून दिलं होतं.

तो कागद घेऊन तो मालकाकडे गेला.

"पुढच्या खेपेला दुरुस्त करू," मालक म्हणाला.

"आणि बाजारात गेलेले डबे?"

"अहो, मागचं बारीक अक्षर वाचतं कोण?"

"माझी बहीण वाचते!"

मालकानं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कंपनीला फोन लावून दिला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, आमचं उत्पादन संपूर्ण नैसर्गिक आहे." त्यानं तीनदा सांगितलं. ती तिन्ही वेळा तेच म्हणाली. मग रफार लाल पेन खिशात घालून दुकानं हिंडला. दोन दुकानांत त्यानं फळीवरचे डबे दुरुस्त केले. तिसऱ्या दुकानदारानं त्याचं मनगट धरलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला बाहेर काढलं. ज्याच्या पेनाला छापखाना टरकायचा, तो माणूस रस्त्यावर उभा राहून दुकानाच्या काचेकडे बघत राहिला.

ताईचा अंगठा वाचला नाही. त्याच्या शेजारचं बोटही गेलं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ताईची लेक रजा काढून आली. ती आईला बोल बोल बोलली. "तू शिकलेली बाई ना गं? औषधं बंद करा, असं कुठे लिहिलेलं असतं का?"

"चष्मा नव्हता लावलेला," ताई म्हणाली. "मधला 'न' दिसलाच नाही मला."

रफार चपापला. त्या 'न'बद्दल तो तिच्याशी अक्षरही बोलला नव्हता. मग त्याला आठवलं, ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले होते की असल्या डब्यांवर 'बंद न करता' असंच लिहितात. तेव्हा ताईनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं होतं, आणि त्यानं खाली बघितलं होतं.

"खोटं आहे ते," तो भाचीला म्हणाला. "डब्यावर 'न' नव्हताच. ते वाक्य मी बिघडवलं. चूक माझी आहे."

"मामा, पुरे! तिचं काही चुकलं की तू आडवा पडतोस. लहानपणापासून बघतेय मी."

"अगं, डबा बघ ना!"

"डबा मी आल्या आल्या फेकून दिला. आणि तुझ्या नजरेतून अक्षर सुटेल? माझ्या शाळेच्या पुस्तकांतल्या चुकासुद्धा काढायचास तू." ती डोळे पुसत नर्सला बोलवायला निघून गेली.

रफारचा संताप संताप झाला. "का बोललीस तसं? सगळी तुला वेड्यात काढतायत!"

"मला काय, चार दिवस वेडी म्हणतील," ताई म्हणाली. "तुझ्याजवळ दुसरं काय आहे रे?"

पायावरची चादर सरकली होती. ती ओढायला ताई वाकली, पण तिचा हात पोचेना. रफार उठला आणि बोटं होती तिथपर्यंत त्यानं ती नीट ओढून दिली.