वच्छलाबाईंची मिरची

शेषरावांनी तिसरं वांगं कानाशी नेऊन हलवलं आणि नारळ पारखणाऱ्याच्या गंभीरपणे परत ठेवलं.

“मामाजी, वांग्यात पानी नसते,” मैना हळूच म्हणाली.

“माहीत हाये मले,” सासरे म्हणाले आणि त्यांनी चौथं उचललं.

चांदूर बाजारात ते भाजी घ्यायला जन्मात पहिल्यांदाच आले होते. चाळीस वर्षं ते काम त्यांच्या बायकोचं, वच्छलाबाईंचं. दसऱ्याला त्या गेल्या, आणि शेषरावांच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नाही. जेवण तेवढं सुटलं. दोन घास खाऊन उठत. सदरा त्यांनी घातलाय की त्यांच्यावर वाळत घातलाय, हे सांगणं अवघड झालं होतं. म्हणून काल ते आपणहून म्हणाले, “वावरात गोवऱ्या पेटवू, रोडगे भाजू,” तेव्हा मैनेने तासाभरात कणीक दळून आणली. राहिली फक्त वांगी आणि ठेच्याची लाल मिरची.

चौथं वांगं हातात घेऊनच शेषराव मिरचीकडे वळले. मिरचीवाली पंचफुला पोत्यांच्या मधोमध शेगडीवर हात शेकत बसली होती. सरकारने शेराऐवजी किलो आणून दोन वर्षं झाली होती. तिच्या तराजूला ते कोणी कळवलं नव्हतं.

“कोनती देऊ, भाऊ?”

“वच्छला नेत होती, थे.”

पंचफुलाने त्यांना नीट न्याहाळलं. “थे बाई पाहून घेतच नव्हती. दर खेपेले शेगडीत एक मिरची टाकाले लावे. म्हने, बजार खोकलला त घेतो, नाई त नाई.”

“मंग टाक.”

मिरची निखाऱ्यावर पडली. आधी काहीच झालं नाही. मग शेजारचा बांगडीवाला शिंकला. मग भांडणारे दोघे एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून खोकू लागले. हवालदाराला शिट्टी तोंडात असतानाच ठसका लागला. ती वाजली आणि चार माणसं उगाच पळाली. पलीकडे एक बैल विचार करून खाली बसला. अख्खा बाजार रडत होता.

मैना पाणावल्या डोळ्यांनी बघत राहिली. बोटाएवढी मिरची! आणि दर आठवड्याला एवढं घडवून सासू घरी यायची, पिशवी खुंटीला लावायची, चहा टाकायची. कधी एका शब्दाने बोलली नाही.

धूर विरला. लोक नाकं शिंकरत, शिव्या देत हसू लागले. शेषरावांचे डोळे मात्र थांबेनात. हातात वांगं तसंच, आणि खांदे हलत होते.

“काहून हो,” बांगडीवाला मोठ्याने म्हणाला, “बुढ्याले अजून लागूनच राह्यली काय?”

दोन-चार माणसं वळून पाहू लागली. मैना पुढे झाली, पण काय करावं ते तिला सुचेना.

पंचफुलाने पोत्यात हात घातला, मूठभर मिरच्या काढल्या आणि शेगडीत टाकल्या.