धुक्यातलं गाणं

मित्रांनो, जयगडच्या खाडीच्या तोंडाशी, सुरूच्या बनाखाली एक होडी वाळूत कलंडून पडलेली दिसते ना, ती मीच. माझा रंग उडाला आहे. नाव मात्र नीट पाहिलंत तर अजून वाचता येतं. ‘सलामत’.

विठू सुताराने मला घडवलं. फणसाच्या फळ्या, ऐनाच्या लाकडाचा कणा. फळ्यांच्या फटींत कापूस कोंबून त्याने वरून राळ भरली आणि तळहाताने मला थोपटलं. माझा मालक कमाल तेव्हा ऐन उमेदीत होता. त्याची बायको सईदा हिने माझं नाव ठरवलं. वाडीतल्या धाकूची बायको मालिनी हिने अबोलीचा वळेसर माझ्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधला. कमाल मोहल्ल्यातला, धाकू वाडीतला. मध्ये नारळांची एक राई, एवढंच अंतर.

पहिल्यांदा पाण्यात उतरले तो दिवस मला अजून स्वप्नासारखा आठवतो. माझ्या दोन्ही अंगांना माणसंच माणसं होती. धाकूने खड्या आवाजात ओळ टाकली आणि सगळ्यांनी ती झेलली.

‘पाणी सरला मागं...’
‘हैसा!’
‘होडी येते संगं...’
‘हैसा!’
‘एकल्याचा नाय गो...’
‘हैसा!’
‘गावाचा हा भार गो...’
‘हैसा!’

प्रत्येक ‘हैसा’ला मी वीतभर सरकत होते. कोणाचा हात कुठला ते मला कळत नव्हतं. मला वाटलं, हे गाणंच मला उचलून नेतं आहे. पावसाळ्याआधी होड्या वर ओढायच्या, पावसाळ्यानंतर खाली उतरवायच्या, आणि दोन्ही वेळा सगळ्या गावाने गायचं, अशी किती वर्षं गेली. मी भरपूर मासळी आणली. माझं कौतुकही झालं.

मग एका सकाळी प्रवाहाने ओढत आणलेलं धाकूचं जाळं माझ्या मशीनच्या पंख्यात सापडलं आणि फाटलं. धाकू म्हणाला, कमालने मुद्दाम केलं. कमाल म्हणाला, मला दिसलंच नाही. किनाऱ्यावर शब्दाला शब्द लागला. दोघांचे भाऊबंद धावून आले. नको ते बोलणं झालं, आणि त्यात जाळं बाजूला राहून धर्म आला. त्या दिवसापासून वाडी आणि मोहल्ला एकमेकांशी बोलेनासे झाले. दोन्हीकडच्यांनी होड्या ओढायची वेगवेगळी यंत्रं आणली. यंत्र घरघरायचं, लोखंडी दोर ताणला जायचा, आणि मी एका दमात वर यायची. माझ्या अंगाला माणसाचा हात लागेनासा झाला. गाणं तर कोणी काढलंच नाही.

मित्रांनो, आता मुख्य गोष्ट सांगते. माघातली सकाळ होती. कमाल आणि मी पहाटेची जाळी काढून परतत होतो. खाडीचं तोंड जवळ आलं आणि समुद्रावर धुकं उतरलं. थोड्याच वेळात कमालला माझी नाळसुद्धा दिसेना. आभाळ आणि पाणी एक झालं. आम्ही दुधात तरंगत असल्यासारखं वाटत होतं. ते इतकं सुंदर होतं, की भीती वाटायलाही वेळ लागला. पण समोर काळं खडप होतं. पाण्याखाली बुडालेले ते खडक होडीचा तळ एका धक्क्यात फाडतात. कमालने मशीन बंद केलं.

तेवढ्यात जवळच दुसरं मशीन फुटफुटलं आणि थांबलं.

‘कोन हाय?’ कमालने हाक दिली.

 धुक्यातून आवाज आला, ‘धाकू.’

कमालने वल्ही बाहेर काढली. भरतीचं पाणी आम्हाला हळूहळू आत लोटत होतं.

किनाऱ्यावरून हाका येऊ लागल्या. डावीकडून ‘कमाऽल!’, उजवीकडून ‘धाकूऽ!’ कोणी पातेली बडवत होतं. कमालने मला डावीकडे वळवलं, मग थबकला. आवाज दोन्हीकडून येत होते, आणि खडप नेमकं कुठे ते कळेना.

पुढचं मला बायकांच्या बोलण्यातून मागाहून कळलं. सईदा मोहल्ल्याच्या टोकावरून धावत राई ओलांडून मालिनीकडे गेली.

‘बाय, तू हिकडून हाक मारतेस, मी तिकडून. ती दोघं वळतील कुठं?’

मालिनीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. ‘मग काय करू गो?’

‘जिथं होड्या वर काढायचो तिथं जाऊ. समोर पाणी खोल हाय, खडप नाय. सगळ्यांनी एकाच जागेवरनं आवाज द्यायचा.’

मालिनीने तिचा हात धरला. दोघी त्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते जुनं गाणं धरलं. आधी दोघींचेच आवाज होते, तेही कापरे. पुरुष लाजून लांब उभे होते. मग काठी टेकत वाडीतला म्हातारा केरू आला आणि ‘हैसा’ म्हणाला. मग वाडी आली, मोहल्ला आला.

मी धुक्यात ऐकलं. कोणाचंही एकट्याचं नाव नसलेला तो एकच मोठा आवाज होता. कमालने माझी नाळ त्या आवाजाकडे वळवली. ‘गावाचा हा भार गो’ ही ओळ आली, तेव्हा शेजारच्या धुक्यातून धाकूने ‘हैसा’ दिला. कमालनेही दिला. दोघं एकमेकांचा आवाज ऐकत, अंतर राखत, हळूहळू वल्ही मारत गेले. खडपावर फुटणाऱ्या लाटा आम्ही बाजूने जाताना ऐकल्या. आणि माझा तळ मऊ वाळूला टेकला.

कोणी कोणाला मिठी मारली नाही. धाकूने आपली होडी सोडली, माझ्या काठाला दोन्ही हात लावले आणि एवढंच म्हणाला, ‘चला, वढा.’ त्या दिवशी आम्हा दोन्ही होड्यांना माणसांनी वर ओढलं.

जाळ्यावरून ते दोघं आजही वाद घालतात, पण एकाच बाकावर बसून, चहा पिताना. होड्या ओढायच्या दिवशी यंत्र असतं तरी आधी गाणं होतं.

मी आता समुद्रात जात नाही. लाकडाला मुशी माशाचं तेल मिळालं नाही की भेगा पडतात, तशा माझ्या तळाला पडल्या आहेत. गाण्याचंही तसंच असतं, मित्रांनो. न गाता ठेवलं तर ते सुकतं. तेव्हा माझ्यासाठी काही करायचं असेल, तर एवढंच करा. तुमच्या गावात माणसं एकत्र गात असतील, तर लांब उभे राहू नका. सूर लागला नाही तरी चालेल. शेवटच्या रांगेत उभे राहा आणि आवाज द्या. धुक्यात कोण अडकलं आहे ते तुम्हाला दिसणार नाही, पण त्याला तुम्ही ऐकू याल.