डॉक्टरांच्या गुणांची फेरतपासणी

घरात त्याला सगळे 'चौकशी खिडकी' म्हणत. आंघोळीची बादली घ्यायची तरी तो दोनशे लोकांचे अभिप्राय वाचायचा. त्या नादात घराने तीन दिवस पातेल्याने आंघोळ केली होती.

अशा माणसाच्या वडिलांचा डावा कान सोमवारी सकाळी अचानक बंद झाला.

वडील पियानो सुरात लावून देत. कानावरच त्यांचं सगळं काम. पहिल्या दिवशी त्यांनी दोष पियानोला दिला, दुसऱ्या दिवशी पियानोच्या मालकिणीला. बुधवारी त्यांनी कबूल केलं की कान आपलाच आहे. मुलगा फोन घेऊन डॉक्टर शोधायला बसला आणि घराला पातेलं आठवलं.

दुपारपर्यंत दोन नावं उरली. एका डॉक्टरांना चार पूर्णांक नऊ तारे, वेळ मात्र पुढच्या मंगळवारची. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना तीन पूर्णांक एक, आणि वेळ आजचीच. मुलाने मंगळवार पक्का केला. तीन तारे म्हणजे काठावर पास, असं त्याचं म्हणणं पडलं.

'पास' हा शब्द आत्याने ऐकला. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, निवृत्त शिक्षिका. तिने वर्षानुवर्षं परीक्षेच्या पेपरांची फेरतपासणी केली होती. दुसऱ्याने दिलेले गुण झाकायचे, उत्तर वाचायचं आणि मगच गुण बघायचे. तिने फोन ओढून घेतला, ताऱ्यांवर अंगठा ठेवला आणि वाचायला लागली.

पहिल्या डॉक्टरांकडे पार्किंग ऐसपैस होतं. माशांची टाकी सुंदर होती. एकाने पाच तारे थेट टाकीतल्या माशाला दिले होते. चाळीस अभिप्रायांत कान दोनदा आला, त्यातला एक कॉफीच्या कपाचा होता आणि तुटका होता.

बाईंबद्दल लोक चिडलेले होते. दीड तास बसवलं. नको तितके प्रश्न विचारतात. मागूनही इंजेक्शन दिलं नाही, म्हणे गरज नाही. आणि शेवटचा: पंखा फार आवाज करतो.

"याचा कान बरा झालेला दिसतो," आत्या म्हणाली.

मुलाने विचारलं, मग इतके लोक खोटं बोलतात का?

"खोटं कोण म्हणतंय? किती वेळ बसवलं, नीट बोलले की नाही, हे पेशंटला कळतं. तेवढं त्याचं खरं धरायचं. कान कसा तपासला ते मलाही कळत नाही, त्या माशावाल्याला काय कळणार? बाईंची पदवी बघितली, नोंदणी बघितली. ठीक आहे. आता प्रश्न विचारते म्हणून जिचे गुण कापलेत, तिच्याकडे माझ्या दादाला मी डोळे मिटून नेईन. आणि अचानक गेलेला कान मंगळवारपर्यंत थांबतो, हे तुला कुठल्या ताऱ्याने सांगितलं रे?"

चौकशी खिडकी पहिल्यांदाच बंद झाली: मुलाने मंगळवार रद्द करून बाईंची आजची वेळ घेतली.

बाईंनी एक तास दहा मिनिटं बसवलं. पंखा खरंच आवाज करत होता. वडिलांनी उजव्या कानाने ऐकून पंख्याचा सूर किंचित उतरलाय असं निदान केलं. मग सत्तावीस प्रश्न झाले, ऐकण्याची चाचणी झाली.

"कान असा एकदम गेला तर लगेच दाखवायचं असतं," बाई म्हणाल्या. "आज आलात ते बरं केलंत. औषध आत्ताच सुरू करू. पण सगळं ऐकू येईलच, असा शब्द मी देत नाही."

कालपर्यंत मुलाने या शेवटच्या वाक्याचा एक तारा कापला असता. आज त्याने बाबांचा हात धरला. आणखी सहा दिवस तो ताऱ्यांपायी घालवणार होता!

तीन आठवड्यांनी कान बराचसा परतला. वडिलांनी आधी पियानोची माफी मागितली, मग मालकिणीची.

मुलाने अभिप्राय लिहिला: 'बसावं लागतं, कारण आत प्रत्येकाला वेळ देतात. काय होऊ शकतं आणि काय नाही, ते सरळ सांगतात. आमच्या बाबांना बरंच ऐकू येतंय. सगळ्यांना येईलच असं नाही.'

मंडळी, तारे जरूर बघा, पण ते कशाबद्दल दिलेत ते वाचा. पदवी आणि नोंदणी तपासा. दुखणं अचानक आलं असेल तर वाचत बसू नका, निघा. आणि स्वतः लिहाल तेव्हा टाकीतला मासा जरा बाजूला ठेवा. वाचणारा आपल्या बाबांना कुठे न्यायचं ते तुमच्या भरवशावर ठरवत असतो.