सुलाबाईंची बावीस गाणी

माणूस जातो, संगीत मात्र अमर असतं, असं आष्ट्याचे निवृत्त सुभेदार भाऊसो येईल त्याला सांगत. यंदाच्या खंडेनवमीला सकाळी दहा वाजता त्यांनी ते स्वतःच्या हातानं बादलीत बुडवलं.

दोष तसा रीतीचा. त्या दिवशी घरातली राबणारी हत्यारं धुऊन पुजायची. विळे झाले, कुदळ झाली, ट्रॅक्टरवर पाईप सोडून झाला. मग गाण्यांचा खिशातला प्लेअर दिसला. हाही रोज राबतोच की, म्हणून भाऊसोंनी तो खळखळून धुतला, उन्हात वाळवला, हळदकुंकू वाहिलं. कळ दाबल्यावर पडद्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस 'नो' कुठला दाबणार! 'येस' दाबलं आणि प्लेअर साफ रिकामा झाला.

त्यात बायकोनं, सुलाबाईंनी, म्हटलेली हळदीची बावीस गाणी होती. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज घोगरा झाला आणि गाणं सुटलं ते सुटलंच. तुळशीच्या लग्नानंतर नातीची हळद होती. "आजीचा आवाज लागल्याबिगर मी पाटावर बसणार न्हाई," असं समीक्षानं बजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी भाऊसो गुडघा दाखवायचं निमित्त सांगून मिरजेला आले आणि मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात शिरले. काउंटरवर क्रांती नावाची मुलगी होती.

"आजोबा, धुतला? पाण्यानं?"

"मग काय रॉकेलनं धुवायचा?"

क्रांतीनं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. "नशीब, कार्ड जिवंत हाय. पुसलेलं सगळं वर येतंय. पण नावं गेलीत. एकेक ऐकून तुमीच ओळखा."

पहिलंच लावलं. आधी सुलाबाई कुजबुजल्या, "ऐका आता, म्हंजे 'मी कुठं घोरतो' म्हणणार न्हाई." पाठोपाठ असा घरघराट सुटला की दारातलं कुत्रं उठून गेलं.

"ट्रॅक्टर हाय का?" क्रांतीनं विचारलं.

भाऊसो भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी शोधू लागले. बाकावर तंबोरे बनवणारे एक म्हातारे कारागीर फोन दुरुस्त व्हायची वाट बघत बसले होते. त्यांनी डोळे मिटून दाद दिली. "खर्ज चांगला लागलाय. तारंखालची जव्हारी तेवढी घासाय पाहिजे."

पुढचं लावलं आणि दुकानात सुलाबाईंचा जुना, स्वच्छ आवाज भरला. कारागिरांनी बाकावर हलकेच ठेका धरला. एकामागून एक बावीसच्या बावीस निघाली. भाऊसोंनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली.

तेवढ्यात फोन वाजला. सुलाबाईच.

"घावली का गाणी?"

"तुला कसं कळलं गं?"

"आवं, प्लेअरला हळदकुंकू लागलेलं बघितलं मी. वर तीन दिस तुमी माझ्याशी लय गोड बोलताय. आनि उजवा गुडघा दुखतोय म्हणून डावा पाय ओढत गेलाय."

"बावीसबी घावली. तुझी शप्पत."

"एक लावा बगू."

भाऊसोंनी फोन स्पीकरला लावून धरला. गाणं संपेपर्यंत दुकानातलं कुणी हललं नाही.

"व्हय," घोगरा आवाज आला. "मीच हाय ती." नाक ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. "बरं, ऐका. येताना मिरजेतनं एक खराटा आणा. जाड काड्यांचा. पुढच्या खंडेनवमीला माझंबी हत्यार हाताशी पाहिजे."