मोठ्या पोटाचं माप

किरण मोजणं हे जिचं काम, तिला सीटी स्कॅनच्या खोल्यांमधले तंत्रज्ञ पाठीमागे मापकाकू म्हणत. तोंडावर अर्थातच मॅडम. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

लहान मुलांच्या पोटाच्या स्कॅनला किरणांचा किती डोस पुरे, याची मर्यादा ठरवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. चाळीस हॉस्पिटलांना तिनं फॉर्म पाठवले. यंत्राच्या पडद्यावर दिसतो तो आकडा लिहून कळवा, म्हणाली. वर्षभर आकडे येत राहिले. दुपारच्या उन्हात त्यांच्याकडे बघता बघता तिला तंद्री लागे. मग तक्त्याच्या चौकटींतून मुलं खाली उतरत, मोज्यांच्या पायांनी टेबलावरून चालत जात, एखादं तिच्या पेनाच्या टोपणात डोकावून बघे. सगळी इतकी हलकी, की कागदही हलत नसे. तिला त्यांची फार माया वाटे.

सगळ्यांत कमी आकडा नदीकाठच्या हॉस्पिटलचा होता. त्यांचं कौतुक करताना तिला शब्द पुरत नसत. "तिथेच ने, तिथे डोस चारच आहे," असं तिनं धाकट्या बहिणीलाही छातीठोकपणे सांगितलं होतं. भाचीचं पोटाचं दुखणं मोठं चिवट. सहा वर्षांच्या त्या पोरीचे तीन स्कॅन तिथेच झाले होते.

संध्याकाळी समिती मर्यादेवर सही करणार होती. त्या दिवशी सकाळी मापकाकू नदीकाठी गेली. एवढ्या कमी डोसात यांचं कसं भागतं ते बघावं आणि तक्त्याखाली चार ओळी लिहाव्यात, एवढाच हेतू.

खोलीच्या छतावर निळे मासे रंगवले होते. यंत्र मंद घुमत होतं आणि बघता बघता ते मासे संथपणे पोहू लागले. खोलीत पाणी भरलंय आणि आपण तळाशी उभ्या आहोत, असं तिला क्षणभर वाटलं, आणि ते छानही वाटलं. लहान मुलाच्या पोटाएवढा प्लास्टिकचा गोल ठोकळा तिनं टेबलावर ठेवला, त्याच्या मधल्या भोकात मापक सरकवला. टेबल आत गेलं, बाहेर आलं. पडद्यावर चार. मापकात आठ.

तिनं पुन्हा करून बघितलं. पुन्हा आठच.

"तुमच्या पडद्यावरचा आकडा कुठल्या ठोकळ्यावर धरलाय?" तिनं विचारलं.

"मोठ्या. मोठ्या माणसाच्या पोटाएवढ्या," म्हातारा तंत्रज्ञ म्हणाला. "तान्हं बाळ असो की पैलवान, आमचं यंत्र सगळ्यांचं पोट एकच धरतं, मॅडम. काही ठिकाणची यंत्रं लहान धरतात. तुम्हाला ठाऊकच असणार की."

ठाऊक होतंच. मोठ्या पोटात तेच किरण विरळ होतात, म्हणून मोठं पोट धरलं की पडद्यावर आकडा निम्मा दिसतो, हे विद्यार्थ्यांना ती पहिल्याच आठवड्यात शिकवत असे.

"मग कळवायचं तरी!"

"फॉर्ममध्ये विचारलं असतंत, तर लिहिलं असतं," तो म्हणाला, तेही अगदी साधेपणानं.

खरंच होतं. ठोकळा कुठला, हे विचारणारा रकानाच तिनं ठेवला नव्हता. दोन वेगळ्या मापांचे आकडे तिनं एकाच टोपलीत ओतले होते, आणि ज्यांना शाबासकी दिली ते कमी डोस देतच नव्हते. ती स्टुलावर बसली. वर मासे आपले पोहत होते. त्यांच्याखाली भाची तीन वेळा निजली होती, मावशीच्या शब्दावर. तिला रडू आलं.

तिनं समितीच्या अध्यक्षांना फोन केला. "आज सही करू नका. चूक माझी आहे. सगळ्यांना पुन्हा विचारावं लागेल." त्यांनी यथेच्छ सुनावलं, तिनं निमूट ऐकून घेतलं. ते सोपं होतं.

मग तिनं बहिणीला फोन लावला.

"अगं, मी तुला डोसाचा आकडा सांगितला होता ना, तो चुकला. दुप्पट गेलाय तिला. तिन्ही वेळा."

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग, "तिला काही होईल का?"

"बहुतेक काही नाही होणार. धोका लहानच आहे. पण मी सांगितला होता तेवढा लहान नाही."

"ताई," बहीण हळूच म्हणाली, "पुढच्या महिन्यात चौथा आहे. करायचा की नाही, ते आता मी कुणाला विचारू?"

'मलाच विचार,' असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण म्हणायची छाती झाली नाही.